‘मीने आंबा खाल्ला’ म्हणणारी मुलगी नेमकी कुठे चुकते?

प्रश्न म्युनिकहून एका आईने विचारला आहे. मुलगी आठ वर्षांची. घरी मराठी, शाळेत जर्मन, आणि शेजारची मैत्रीण हिंदी बोलणारी. मुलगी तीन प्रकारची वाक्यं बोलते: ‘मीने आंबा खाल्ला’, ‘मी पुस्तकाला वाचलं’ आणि ‘मी आंबा आवडते’. आई दुरुस्त करते. मग मुलगी विचारते, ‘दादाने आंबा खाल्ला, आईने आंबा खाल्ला, मग मीने का नाही?’ यावर आईकडे उत्तर नाही. त्यातच साताऱ्याकडच्या खेड्यातून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी ‘म्या सांगितलं’ म्हणतात. मुलीसमोर तसं अशुद्ध बोलू नका असं सासूबाईंना सांगावं का, हा प्रश्नाचा शेवटचा भाग.

अमराठी प्रौढांना मी सव्वीस वर्षं मराठी शिकवत आले आहे आणि त्यातली निम्मी वर्षं भाषाविज्ञानही शिकवलं. मुलीचा पहिला प्रश्न मला वर्गात जवळजवळ दर वर्षी ऐकायला मिळतो. तो फार चांगला प्रश्न आहे आणि ‘अपवाद आहे, पाठ कर’ हे त्याचं उत्तर नव्हे.

शाळेत आपण ‘स ला ते, स ला ना ते’ आणि ‘ने ए शी, नी ही ई शी’ घोकलं. त्यातून डोक्यात असं बसलं की विभक्ती म्हणजे प्रत्यय: प्रत्यय दिसला तर विभक्ती आहे, नाही दिसला तर प्रथमा. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. पाणिनीने या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या होत्या. कोण करतो, कशावर करतो, कशाने करतो ही नाती म्हणजे कारकं. ती दाखवायची साधनं म्हणजे विभक्ती. नातं एकच असलं तरी साधन बदलू शकतं. विभक्तींचा विचार सुरू करताना त्याने एक छोटं सूत्र ठेवलं आहे, ‘अनभिहिते’. जे दुसऱ्या कशाने आधीच सांगितलं गेलेलं नाही, तेच विभक्तीने सांगायचं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता जगातल्या भाषा काय करतात ते पाहू. तीन भूमिका डोळ्यांपुढे ठेवा: एकटाच येणारा (‘मुलगा आला’), खाणारा (‘मुलाने आंबा खाल्ला’) आणि जे खाल्लं गेलं ते. येणारा एकटाच असतो, त्यामुळे त्याला खूण लागत नाही. वाक्यात दोघे आले की निदान एकाला तरी खूण हवी. जर्मनने खूण कर्माला दिली. कुत्रा माणसाला चावतो हे जर्मनमध्ये ‘डेअर हुंड बाइस्ट डेन मान’. शब्द उलटे फिरवून ‘डेन मान बाइस्ट डेअर हुंड’ म्हटलं तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण ‘डेन’ने माणसाला कर्म ठरवलेलं असतं. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांनी उलट केलं. ‘गिसोना एतोर्री दा’ म्हणजे माणूस आला आहे. ‘गिसोनाक ओगिआ यान दु’ म्हणजे माणसाने पाव खाल्ला आहे. शेवटचा ‘क’ खाणाऱ्याला लागला. पाव आणि आलेला माणूस मात्र बिनखुणेचेच राहिले.

मराठी या दोन्ही घरांत राहते. ‘मुलगा आंबे खातो’ यात क्रियापद मुलाच्या मागे जातं, ‘मुलाने आंबे खाल्ले’ यात आंब्यांच्या मागे. घडून गेलेल्या गोष्टीत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद त्याची साथ सोडून कर्माला धरतं. याचं कारण इतिहासात आहे. आपलं ‘खाल्ला’, ‘केला’ हे रूप संस्कृतच्या धातूला लकार, म्हणजे काळाचे प्रत्यय, लागून झालेल्या भूतकाळातून आलेलं नाही. ते आलं ‘तेन फलं खादितम्’ या रचनेतल्या ‘खादित’सारख्या कृदन्तातून (धातूपासून झालेल्या विशेषणातून), म्हणजे ‘त्याच्याकडून फळ खाल्लं गेलेलं’ या वळणातून. त्या वळणात कर्ता तृतीयेत असतो आणि कृदन्त फळाशी जुळतं. कर्मणी अर्थ झिजून गेला, पण सांगाडा तसाच राहिला.

याचा सर्वांत सुंदर पुरावा महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या वाक्यांमध्ये ज्याची गणना होते ते वाक्य इथलं: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे श्रीचावुंडराजाने करवून घेतलं. तीच गोष्ट तिथेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरली आहे. कन्नडमध्ये ‘श्रीचामुण्डराजं माडिसिदं’, तमिळमध्ये ‘श्रीचामुण्डराजन् चेय्वित्तान्’. हा चामुंडराज राजा नव्हे, गंग राजाचा मंत्री. या दोन्ही भाषांत तो प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं. मराठीत मात्र ‘राजें’वर अनुस्वार आहे, आणि तो अनुस्वार म्हणजे तृतीया: चावुंडराजाने. क्रियापद ‘करवियलें’ नपुंसकलिंगी, कर्त्याशी न जुळणारं. एकच माणूस, एकच मूर्ती, आणि एकाच दगडावर दोन भाषाकुळं कर्त्याकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहतात. मी पहिल्यांदा ते शिलालेख पाहिले तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते.

आता ‘मी’.

मी बाई आहे. ‘मी बाजारात गेले’ म्हणते, ‘मी चिंच खाल्ली’ म्हणते, पण ‘मी आंबा खाल्ला’ असंही म्हणते. ‘गेले’मध्ये मी दिसते, ‘खाल्ला’मध्ये आंबा. म्हणजे ‘मी’ला ‘ने’ लागलेला नसला, तरी क्रियापद अगदी ‘आईने’, ‘दादाने’ असल्यासारखंच वागतं. नातं तेच आहे, फक्त खूण दिसत नाही. ‘तू’च्या बाबतीत तर क्रियापद दोघांनाही धरून ठेवतं. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू चिंच खाल्लीस’ यांत लिंग कर्माचं आणि शेवटचा ‘स’ तुझा.

दडलेली तृतीया बाहेर काढायची एक युक्ती आहे आणि ती मी वर्गात नेहमी वापरते. ‘मी’ला जोडून एखादं नाम किंवा विशेषण ठेवायचं. ‘मी वेडी तुझ्यामागे धावले’, पण ‘मी वेडीने तुझं ऐकलं’. ‘आम्ही मुलं गावाला गेलो’, पण ‘आम्ही मुलांनी नाटक बसवलं’. ‘आम्ही दोघं आलो’, पण ‘आम्ही दोघांनी स्वयंपाक केला’. ‘मी’ आणि ‘आम्ही’ चेहरा बदलत नाहीत, पण शेजारी बसलेल्या शब्दावर ‘ने’ आणि ‘नी’ उमटतात. ‘आम्ही मुलं नाटक बसवलं’ असं कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. हा नियम त्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी तो कधी चुकत नाही.

मग ‘मी’वरच ‘ने’ का नाही? कारण ‘मी’ हा शब्द स्वतःच तृतीयेच्या घरातून आला आहे. संस्कृतात प्रथमा ‘अहम्’ आणि तृतीया ‘मया’. मराठीत ‘अहम्’ची ओळ तुटली आणि ‘मया’च्या बाजूने आलेलं रूप दोन्ही कामं करू लागलं. जुन्या मराठीत तृतीयेसाठी ‘मियां’, ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही वेगळी रूपं होती. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठीतही ‘म्यां केलें’, ‘त्वां केलेंस’ सापडतं. पुढे प्रमाण मराठीत ही रूपं मागे पडली आणि ‘मी’, ‘तू’ सगळीकडे पसरले. गोव्यात कोकणीने दोन्ही बाजू सांभाळल्या. तिथे ‘हांव गेलों’, पण ‘हांवें आंबो खालो’. तो ‘हांव’ ‘अहम्’च्या घराण्यातला आहे, आणि ‘हांवें’वर कर्त्याची खूण आजही आहे.

हिंदीची गोष्ट तर तुमच्या मुलीला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हिंदीतलं ‘मैं’सुद्धा ‘मया’च्याच घराण्यातलं. ब्रज भाषेत प्रथमेसाठी ‘हौं’ होतं आणि ‘मैं’ कर्त्याच्या तृतीयेसारखं चालायचं. पुढे ‘मैं’ हे साधं ‘मी’ झालं, त्याची तृतीया बोलणाऱ्यांच्या जाणिवेतून पुसली गेली, आणि हिंदीने त्यावर पुन्हा ‘ने’ चढवला: ‘मैंने’. तृतीयेवर तृतीया. तुमची मुलगी ‘मीने’ म्हणते तेव्हा हिंदीने जे पाऊल उचललं तेच ती एकटी उचलते आहे. विदर्भात काही भागांत ‘मीनं’ कानावर पडतं, तेही याच जातीचं. तिचा तर्क पूर्ण बरोबर आहे. प्रमाण मराठीने तो निवडला नाही, एवढंच. आणि ‘मी’ला ‘ने’ लागतच नाही असंही नाही. ‘माझ्याने एवढं चालवत नाही’ यात तो लागतो, पण तिथे गोष्ट केल्याची नसून ती करायच्या ताकदीची असते.

इथे ऑस्ट्रेलियाचा एक धागा जोडते. क्वीन्सलँडच्या ईशान्य भागातल्या द्यिर्बल भाषेचं व्याकरण आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या भाषेत ‘आईने वडिलांना पाहिलं’ म्हणताना खूण आईला लागते, कर्त्याला, बास्कसारखी. पण ‘तुम्ही आम्हाला पाहिलं’ म्हणताना ‘तुम्ही’ बिनखुणेचा राहतो आणि खूण ‘आम्हाला’ला लागते, जर्मनसारखी. 1976 मध्ये मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी अशा भाषांकडे पाहून एक उतरंड मांडली. वरच्या पायरीवर मी आणि तू, मग माणसं, मग प्राणी, तळाशी निर्जीव वस्तू. वरच्या पायरीवरचे कर्ते असणार हे गृहीतच असतं, त्यांच्या कर्तेपणाला खूण लागण्याची शक्यता कमी. ते कर्म झाले तर मात्र खूण हवी. तळाशी याच्या उलट.

ही उतरंड मराठीवर ठेवून पाहा. ‘वाऱ्याने दार उघडलं’, पण ‘मी दार उघडलं’. ‘त्याने मला पाहिलं’ यात ‘ला’ टाळताच येत नाही, आणि ‘त्याने दार पाहिलं’ यात ‘ला’ लावला तर कानाला खटकतं. उतरंडीने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. ‘म्यां’ मागे पडण्यात उच्चार झिजण्याचाही वाटा आहे. पण नामांच्या बाबतीत मराठीने कर्त्याची खूण टिकवली आणि ‘मी’, ‘तू’च्या बाबतीत सोडली. झीज नेमकी तिथे चालवून घेतली गेली जिथे कर्ता कोण याबद्दल शंका कमी होती. हे मला निव्वळ योगायोगाचं वाटत नाही.

या उतरंडीवरूनच दुसऱ्या वाक्याकडे येता येतं: ‘मी पुस्तकाला वाचलं’. पुस्तक तळाच्या पायरीवर आहे, ते कोणाला वाचणार नाही, म्हणून ‘ला’ नको. माणूस कर्म झाला की ‘ला’ येतो. पण तोही नेहमी नाही, आणि यातली गंमत मराठी माणसाला लग्नाच्या बाजारात सर्वांत चांगली कळते. ‘आम्ही काल मुलगी पाहिली’ म्हणजे कांदेपोहे झाले. ‘आम्ही काल मुलीला पाहिलं’ म्हणजे ओळखीची मुलगी रस्त्यात दिसली. ‘ती नवरा शोधतेय’ आणि ‘ती नवऱ्याला शोधतेय’ यांतला फरक कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिलीचं लग्न व्हायचंय. दुसरीचं झालंय आणि नवरा गर्दीत हरवलाय. ‘ला’ नुसतं कर्म दाखवत नाही, तो ‘हाच, ठरलेला, अमुक एक’ हेही सांगतो.

हेच वाक्य स्पॅनिशमध्ये पाहा. ‘बुस्को मारिदो’ म्हणजे नवरा शोधतेय. ‘बुस्को आ मि मारिदो’ म्हणजे माझ्या नवऱ्याला शोधतेय. तो ‘आ’ स्पॅनिशमध्ये एखाद्याला काही देतानाही येतो, तसाच आपला ‘ला’ ‘मुलीला पुस्तक दिलं’ यातही येतो. आपल्या शालेय तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच का, याचं उत्तर यात आहे. देण्याची खूण पुढे सरकून माणसासारख्या कर्मावर जाऊन बसली. तुर्कीत तर वस्तूलाही असा भेद लागू आहे. ‘किताप ओकुदुम’ म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलंही. ‘किताबी ओकुदुम’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. 1985 मध्ये गेऑर्ग बोसोंग यांनी या प्रकाराला नाव दिलं, आणि तेव्हापासून तो शेकडो भाषांत सापडत गेला आहे.

मराठी निर्जीवाला ‘ला’ लावतच नाही असं मात्र समजू नका. ‘लोकांनी दगडाला देव मानलं’. इथे दगड आणि देव अशी दोन नामं आली. कशाला काय मानलं हे सांगण्यासाठी एकाला खूण हवीच.

आता ‘अनभिहिते’ची आठवण करा. ‘मुलाने आंबे खाल्ले’ यात क्रियापद आंबे सांगून बसलं आहे, म्हणून खूण फक्त मुलाला. ‘मुलाने मुलीला मारलं’ यात क्रियापद ना मुलगा सांगतं ना मुलगी. ते ‘मारलं’ असं नपुंसकलिंगी, तटस्थ होऊन बसतं. म्हणून दोघांनाही खुणा. शाळेत याला भावे प्रयोग म्हणून पाठ केलं जातं. दोघांपैकी एकालाच खूण पुरली असती, मग दोन का, असा प्रश्न अनेक आधुनिक अभ्यासकांना पडतो. मला वाटतं पाणिनीच्या बाजूने पाहिलं की तो प्रश्न उरत नाही. अर्थात हे भारतभर असंच चालतं असं नाही. गुजरातीत ‘सीताए राधाने पजवी’ असं म्हणतात. तिथे कर्त्याची खूण ‘ए’ आहे आणि ‘ने’ कर्माची, म्हणजे आपला ‘ला’. तरीही क्रियापद स्त्रीलिंगी राधेशी जुळतं. मराठी माणूस गुजराती शिकताना या ‘ने’ला हमखास फसतो.

तिसरं वाक्य, ‘मी आंबा आवडते’. हे सुधारायला जर्मनच मदत करेल. ‘मला आंबा आवडतो’ हे जर्मनमध्ये ‘मीअर श्मेक्ट डी मांगो’ असं म्हणता येतं. थंडी वाजते तेव्हा तुमची मुलगी शाळेत ‘मीअर इस्ट काल्ट’ म्हणतच असणार. ‘मीअर’ म्हणजे ‘मला’. आपल्याकडे ही रचना जर्मनपेक्षा खूप पसरलेली आहे: मला भूक लागली, राग आला, आठवलं, जमलं, जायचंय. कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’, तमिळमध्ये ‘एनक्कु पसिक्किरदु’, दोन्ही ठिकाणी ‘मला’च. बंगालीत ‘आमार खिदे पेयेछे’, म्हणजे ‘माझी’. जे आपण करत नाही, जे आपल्याला होतं, तिथे कर्त्याचा मान ‘मी’ला मिळत नाही.

पण ‘मला’ला कर्म समजू नका. ‘आईने मीराला आपलं घर दाखवलं’ यात घर आईचं. ‘मीराला आपलं घर आठवलं’ यात घर मीराचं. ‘मीराला’ दोन्हीकडे तेच, पण दुसऱ्या वाक्यात ‘आपलं’ तिच्याकडे वळतं, आणि ‘आपला’ हा शब्द साधारणपणे वाक्यातल्या मुख्य व्यक्तीकडेच वळतो. ‘जेवून मीराला झोप आली’ यात जेवलीही मीराच. प्रत्यय ‘ला’ असूनही मीरा कर्त्यासारखी वागते. प्रत्यय म्हणजे नातं नव्हे, हे इथेही दिसतं.

शिकवायचं कसं? ‘मीने’वर टोकू नका, वाक्य बरोबर करून उत्तरात परत द्या: ‘हो का, तू आंबा खाल्लास? मी पण खाल्ला.’ पुस्तकाच्या ‘ला’साठी नवरा-नवऱ्याला ही जोडी आठ वर्षांच्या मुलीला नको, ‘मी मांजर शोधतेय’ आणि ‘मी मांजराला शोधतेय’ ही पुरेल. घरात मांजर असेल तर खेळूनच दाखवा. पुढे ती नक्की ‘त्याने किल्ली विसरली’ म्हणेल. तेव्हा सांगा की विसरणं, शिकणं, बोलणं, पिणं, नेसणं अशा काही क्रियांना मराठी ‘ने’ देत नाही. तो किल्ली विसरला, ती साडी नेसली, तो पाणी प्याला. या क्रियांत करणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर किंवा आत काहीतरी घडतं. ‘त्याने पाणी प्यायलं’ असंही लोक म्हणतात, त्यामुळे त्या एकावर फार ताणू नका.

आणि सासूबाईंना काही सांगू नका. ‘म्या सांगितलं’ हे जुन्या ‘म्यां’चं जिवंत रूप आहे. मुलीला ज्या प्रश्नाने छळलं आहे, ‘मला का नाही ने?’, त्याचं उत्तर तुमच्या घरात फक्त आजींच्या तोंडी आहे. आजी ‘म्या आले’ म्हणतात की ‘मी आले’, आणि ‘म्या केलं’ म्हणतात की ‘मी केलं’, हे मुलीला आठवडाभर वहीत लिहायला सांगा. दोन रूपं दोन वेगळ्या जागी येताना दिसली, तर ती वही मला जरूर पाठवा.